टाइमलॅप्स एक्सपोर्ट करताना या चुका टाळा, नाहीतर तलावाच्या पाण्याचे ठोकळे होतात

टाइमलॅप्स म्हणजे ठराविक अंतरानं काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ. पहाटे सहाला सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर ट्रायपॉड लावला, दर पाच सेकंदाला एक फोटो, सातपर्यंत ७२० फोटो झाले. घरी येऊन लॅपटॉपवर जोडून बघितलं तर देवळाच्या शिखरावर हळूहळू ऊन उतरतंय, पाण्यात त्याची सावली थरथरतेय, मन भरून आलं. लगेच एक्सपोर्ट मारला, अपलोड केला, मोबाईलवर उघडला आणि पाण्याच्या जागी नुसते चौकोनी ठोकळे, आभाळात पट्टेच पट्टे. मित्राचा मेसेज आला, "कुठल्या मोबाईलवर काढलास बे?" चांगल्या कॅमेऱ्यावर, तासभर थंडीत उभं राहून काढलेलं काम असं दिसलं की खरंच जीव जळतो. म्हणून जे जे चुकतं ते लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडे आता बरीच पोरं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, किल्ल्यावर, हिप्परग्याच्या तलावावर टाइमलॅप्स काढायला लागलीत आणि सगळ्यांचं गाडं इथंच अडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साध्या व्हिडिओची सेटिंग टाइमलॅप्सला लावणं. व्हिडिओची फाइल लहान होते ती अशी की मागच्या फ्रेममधलं, म्हणजे चित्रातलं, जे हललं नाही ते परत साठवायचंच नाही, फक्त बदल तेवढा लिहायचा. माणूस खुर्चीत बसून बोलतोय, मागची भिंत तशीच आहे, मग थोड्या डेटात भागतं. टाइमलॅप्समध्ये दोन फ्रेमच्या मध्ये पाच सेकंद गेलेले असतात, त्यामुळं पाण्यातली एक लाट जुन्या जागी नसते, झाडाचं पान जुन्या जागी नसतं, ढग सरकलेले, उजेड बदललेला, आणि मागच्या फ्रेममधून उचलायला फारसं काही उरतच नाही. आता हिशोब करा. १०८० पीला यूट्यूब स्वतः ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट, ८ बिटचा एक बाइट) सुचवतं, म्हणजे २४ एफपीएसला (सेकंदाला २४ फ्रेम) एका फ्रेमच्या वाट्याला साधारण ४२ केबी. तुमचा मूळ जेपेग फोटो ८-१० एमबीचा, आणि त्याला लहान करून का होईना, ४२ केबीत बसवायचंय! पाणी फुटणार नाही तर काय होणार.

म्हणून बिटरेट, म्हणजे सेकंदाला दिलेला डेटा, हात राखून देऊ नका. ४केला यूट्यूब ३५ ते ४५ एमबीपीएस सांगतं, मी टाइमलॅप्सला त्याच्याही वर, ६०-८० देतो. ४० एमबीपीएसला तीस सेकंदाची फाइल १५० एमबी होते आणि ८० ला ३००, तेवढी अपलोड करायला आज कुणाला जड जात नाही. एन्कोडिंगमध्ये (फाइल दाबण्याच्या सेटिंगमध्ये) टू पास असेल तर तेच निवडा, ते आधी सगळा व्हिडिओ एकदा तपासतं, वेळ जास्त घेतं पण शांत फ्रेममधला डेटा वाचवून जास्त हलणाऱ्या फ्रेमना देतं. फोटो २४ मेगापिक्सेलचे असतील तर १०८० पी काढायचंच नाही, सरळ ४के काढा, कारण ४के अपलोड झालं की बघणाऱ्याला जास्त डेटाची आवृत्ती मिळायची सोय होते.

गड्डा यात्रेत तर हे फारच जाणवतं. गॅलरीतून खाली मिरवणुकीचा टाइमलॅप्स घ्या, सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), खाली पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली (बंदांच्या अंगरख्यातली) हजारो माणसं, आणि प्रत्येक फ्रेमला प्रत्येक माणूस वेगळ्या जागी. एक्सपोर्ट झाल्यावर त्या बाराबंद्यांचा नुसता पांढरा चिखल होतो, माणूस ओळखूच येत नाही. इथं बिटरेट वाढवून थोडं सुधारतं पण खरा इलाज शूटिंगच्या वेळचा आहे. दोन सेकंदाचं अंतर असेल तर शटर एक सेकंदाच्या आसपास ठेवा, दिवसा त्यासाठी एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) लागतो. मग गर्दी वाहत्या पाण्यासारखी मऊ दिसते, बारीक कडा कमी होतात, एन्कोडरवरचा भारही कमी होतो. जे नंदीध्वज जागेवर थांबलेत ते मात्र स्पष्ट राहतात, आणि ती चौकट बघायला काय सुंदर लागते!

आता साइज. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, म्हणजे ६०००×४०००, आणि बऱ्याच जणांचा एक्सपोर्ट त्याच साइजला होतो. लॅपटॉपवर चालतो, मित्राच्या मोबाईलवर काळी स्क्रीन आणि नुसता आवाज. एच.२६४ (व्हिडिओ दाबायची नेहमीची पद्धत) चालवणारी बहुतेक मोबाईलची चिप ४०९६ पिक्सेल रुंदीच्या पुढं जात नाही, एवढंच कारण. ३८४०×२१६० ठेवा. त्यासाठी १६:९ ला कापलं की ६०००×३३७५ उरतं, उंचीतले ६२५ पिक्सेल गेले, आणि ते गेलेत हे लक्षात नसलं की नंदीध्वजाचा शेंडाच कापला जातो. उभ्या रीलला त्याच फोटोतून २२५०×४००० एवढीच पट्टी मिळते, ती कापून १०८०×१९२० ला आणा. रील करायची असेल तर कॅमेरा उभाच लावलेला बरा.

मोबाईलवर फाइल चालत नसेल तर अजून एक जागा तपासा, पिक्सेल फॉरमॅट, म्हणजे रंगाची माहिती किती साठवायची ते. एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने फोटो जोडणाऱ्यांचं हे हमखास होतं, फाइल ४:४:४ मध्ये (पूर्ण रंगमाहितीसह) बनते आणि मोबाईल ती उघडत नाही. ४:२:० (कमी रंगमाहिती) सांगून परत काढा. "हाइट दोनने भागली जात नाही" असा एरर आला तर मापं सम आकड्यात आणा, बाकी काही नाही.

फ्रेम रेटची चूक दिसायला बारीक पण त्रास फार देते. फोटो २४ ला जोडले आणि टाइमलाइन ३० ची असली की सॉफ्टवेअर मधेमधे फ्रेम डबल टाकतं, ढग दर क्षणाला अडखळल्यासारखे चालतात. सिक्वेन्स, टाइमलाइन, एक्सपोर्ट तिन्हीकडं एकच आकडा ठेवा. ७२० फोटो २४ ला तीस सेकंद, ३० ला चोवीस सेकंद, शूट करायच्या आधीच ठरवून टाकायचं.

एमआयडीसीत एका कारखान्यात चादर विणतानाचा टाइमलॅप्स काढला होता. त्यात दोन दुखणी निघाली. एक, धाग्यांच्या बारीक रेघा लहान साइजला आल्यावर वळवळायला लागल्या, तिथं आधी हलकासा ब्लर देऊन मग साइज कमी केली तेव्हा निवळलं. दुसरं, ट्यूबलाइटचा उजेड प्रत्येक फ्रेमला वेगळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचं. हे एक्सपोर्टमध्ये कुठल्याच बटणानं जात नाही, आधी डीफ्लिकर (फ्रेमचा उजेड सारखा करणारं सॉफ्टवेअर) मारा मग रेंडर (अंतिम व्हिडिओ बनवायला) लावा. आणि फ्लिकर, म्हणजे उजेडाची ही लुकलुक, तसाच राहिला की पूर्ण फ्रेमचा उजेड बदलत राहतो, बिटरेट तोच खाऊन टाकतो.

रंग फिके पडले, कुंकवाचा लाल विटकरी दिसायला लागला, तर फोटो अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत आहेत का बघा. फोटो एसआरजीबी या साध्या स्क्रीनच्या रंगपद्धतीत काढा, व्हिडिओ रेक ७०९ या व्हिडिओच्या रंगपद्धतीत. आभाळातले पट्टे ८ बिटमुळं (रंगाच्या पायऱ्या कमी असल्यामुळं) येतात, तिथं अगदी थोडं ग्रेन (बारीक दाणे) टाकलं की जातात. थोडंच टाका पण, ग्रेनसुद्धा डेटा खातं.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला की तो परत दाबला जातो आणि तीच दाबलेली फाइल उचलून कुणीतरी पुढं रील टाकतं. यूट्यूबवर टाकल्या टाकल्या धुरकट दिसला तर घाबरून डिलीट करू नका, आधी हलकी आवृत्ती तयार होते, ४के नंतर येतं, कधीकधी बराच वेळ लागतो.

मी आता एक सवय लावून घेतलीय. पूर्ण रेंडर लावायच्या आधी सगळ्यात वाईट पाच सेकंद निवडतो, जिथं पाणी सगळ्यात जास्त हलतंय किंवा गर्दी सगळ्यात दाट आहे, तेवढेच काढून यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त लिंक असेल त्याला दिसेल असं) टाकतो आणि लॅपटॉपवर न बघता मोबाईलवर, उन्हात उभं राहून बघतो. त्यात पाण्याच्या लाटा लाटांसारख्या दिसल्या की मगच ७२० फ्रेम रेंडरला लावायच्या.