व्हॉइसमेल नव्या सॉफ्टवेअरवर नेताय? या चुका टाळा

व्हॉइसमेलचं स्थलांतर फसतं तेव्हा नवा सर्व्हर बहुतेकदा ठणठणीत असतो. लायसन्स बरोबर, डिस्कवर जागा भरपूर, सगळ्या सेवा चालू. तरीही फोन करणाऱ्याला हव्या त्या माणसाची ग्रीटिंग ऐकू येत नाही, ‘कृपया आपला आयडी टाका’ असं काहीतरी ऐकू येतं. याचं कारण असं की व्हॉइसमेलचा अर्धा संसार पीबीएक्समध्ये, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, असतो. कॉल कधी वळवायचा, कुणाच्या नावाने वळवायचा, फोनवरचा दिवा कुणी पेटवायचा हे सगळं तिथे ठरतं, आणि स्थलांतराचं साधन त्याला हातही लावत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

‘अपग्रेड’ म्हणून हातात घेणं

नावं सारखी असली की फसगत होते. सिस्कोची जुनी युनिटी विंडोजवर चालायची आणि संदेश मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये ठेवायची. युनिटी कनेक्शन लिनक्सवर चालते आणि संदेश स्वतःकडे ठेवते. एकावर दुसरी चढवता येत नाही. कोब्रास नावाच्या साधनाने जुन्यातून माहिती बाहेर काढायची आणि नव्यात भरायची, एवढाच मार्ग. इतर कंपन्यांच्या सिस्टिममध्येही पिढी बदलली की चित्र साधारण हेच असतं.

म्हणून पहिला प्रश्न ‘किती वेळ लागेल’ हा नसावा. साधन काय उचलतं आणि काय मागे सोडतं, हे आधी विचारा. मेलबॉक्स, ग्रीटिंग, रेकॉर्ड केलेली नावं, वितरण याद्या (एकच संदेश अनेकांना पाठवण्याच्या), कॉल हँडलर (कॉल घेऊन दाबलेल्या बटणानुसार पुढे पाठवणारे मेनू) ही मंडळी सहसा येतात. पोर्टची (व्हॉइसमेलने एका वेळी एकेक कॉल घ्यायच्या वाटांची) रचना, पीबीएक्सशी जोडणी, सर्टिफिकेट, राउटिंगचे नियम आणि बॅकअपची वेळापत्रकं नव्याने हाताने लावावी लागतात. त्यांची यादी जुना सर्व्हर चालू असतानाच काढा, शक्यतो प्रत्येक पानाच्या स्क्रीनशॉटसह. जुनं मशीन बंद पडल्यावर ‘या हँडलरला शून्य दाबलं की कॉल कुठे जायचा’ हे सांगणारं कुणी उरत नाही.

घाण तशीच उचलून नेणं

जुन्या सिस्टिममध्ये सोडून गेलेल्यांचे मेलबॉक्स, एकाच एक्स्टेन्शनवर (आतल्या फोन नंबरावर) दोन नोंदी, सदस्य नसलेल्या याद्या, कुणीच पोचत नाही असे कॉल हँडलर साचलेले असतात. इम्पोर्ट यांच्यावरच अडखळतं. दुहेरी एक्स्टेन्शन असेल तर दुसरी नोंद नाकारली जाते, आणि ती नाकारली गेलेली नोंद नेमकी खऱ्या माणसाची निघू शकते. ज्या मेलबॉक्समध्ये १८० दिवसांत लॉगिन झालेलं नाही त्यांची यादी काढून एचआरच्या यादीशी ताडून पाहा. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: तक्रार, सुट्टीची सूचना किंवा माहिती ऐकवण्यापुरते ठेवलेले मेलबॉक्स कधीच लॉगिन दाखवत नाहीत. त्यांना मेलेलं समजून काढलं की आलेल्या कॉलला उत्तरच मिळत नाही.

सुट्ट्यांचं वेळापत्रकही याच वेळी तपासा. ते वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नसतं.

वळवलेल्या कॉलचा नंबर गृहीत धरणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. कॉल व्हॉइसमेलवर येतो तेव्हा तो मुळात कुणासाठी होता हे सर्व्हरला पीबीएक्सने सांगावं लागतं. एसआयपीमध्ये (नेटवर्कवरून कॉल जोडायच्या पद्धतीत) हे कॉलसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत, म्हणजे हेडरमध्ये, दोन प्रकारे सांगतात: डायव्हर्जन हेडर किंवा हिस्टरी-इन्फो हेडर. जुनी जोडणी एकावर चालत असते, नवी सिस्टिम दुसऱ्याची वाट बघते, आणि प्रत्येक कॉल सर्वसाधारण स्वागतावर जाऊन पडतो.

हेडर बरोबर असलं तरी नंबराचा आकार चुकतो. मेलबॉक्स ४ आकडी ‘४२१७’ असतो आणि हेडरमध्ये प्लस चिन्हासह पूर्ण आंतरराष्ट्रीय नंबर येतो. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून सर्व्हर म्हणतो असा मेलबॉक्सच नाही. उपाय दोन: पीबीएक्सच्या बाहेर जाणाऱ्या ट्रंकवर (व्हॉइसमेलकडच्या जोडणीवर) नंबर कापून ४ आकडी करा, किंवा मेलबॉक्सला पूर्ण नंबर पर्यायी एक्स्टेन्शन म्हणून द्या. पहिला उपाय स्वच्छ आहे. दुसरा उपाय हजारभर मेलबॉक्सना लावल्यावर पुढे कायम सांभाळावा लागतो.

आता खरी गुंतागुंत. साहेबांचा ४२१७ उचलला गेला नाही, म्हणून कॉल सचिवांच्या ४२१८ वर गेला. तिथेही कुणी नाही, म्हणून व्हॉइसमेलवर. संदेश कुणाच्या मेलबॉक्सात पडावा? काही सिस्टिम पहिला वळवलेला नंबर धरतात, काही शेवटचा. जुनी पहिला धरत असेल आणि नवी शेवटचा, तर साहेबांचे संदेश दुसऱ्या दिवसापासून सचिवांकडे जमू लागतात. एरर लॉगमध्ये याची एक ओळही दिसत नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. हा पर्याय बहुतेक सिस्टिममध्ये एका खुणेच्या चौकटीएवढा असतो. तो स्थलांतराआधी जुन्यात शोधा आणि नव्यात तसाच लावा.

चाचणी कॉल निदान इतके करा: आतून व्यस्त, आतून अनुत्तरित, बाहेरून अनुत्तरित, सरसकट वळवलेला, दोनदा वळवलेला, कार्यालयाच्या वेळेनंतरचा, मोबाइलवरून परत आलेला, आणि स्वतःच्या फोनवरून मेलबॉक्स उघडणारा. शेवटच्या कॉलमध्ये सर्व्हरने फक्त पिन मागावा. आयडीही मागितला तर कॉल करणाऱ्याचा नंबर पोचत नाहीये.

दिव्याचा विसर

फोनवरचा संदेशाचा दिवा म्हणजे वापरणाऱ्यासाठी अख्खं व्हॉइसमेल. एसआयपीमध्ये तो नोटिफाय संदेशाने पेटतो, आरएफसी ३८४२ या इंटरनेट मानकात त्याची रीत दिली आहे. काही जोडण्यांमध्ये मात्र एक नंबर डायल करून दिवा लावतात आणि दुसरा डायल करून विझवतात. ते दोन नंबर नव्या पोर्टना डायल करायची परवानगी नसली तर दिवा कधीच बदलत नाही.

दुसरा प्रकार उलटा: दिवा विझतच नाही. जुन्या सर्व्हरने पेटवलेला दिवा पीबीएक्सच्या स्मरणात असतो. नव्या सर्व्हरला वाटतं मेलबॉक्स रिकामा आहे, दिवा आधीपासूनच विझलेला आहे, म्हणून तो विझवण्याचा आदेश पाठवतच नाही. इलाज असा: कटओव्हरच्या (नव्या सर्व्हरवर जायच्या क्षणाच्या) आधी जुन्या सर्व्हरवरून सगळ्यांचे दिवे विझवा, मग नव्या सर्व्हरवर सर्व मेलबॉक्सचं रिसिंक (दिव्यांची स्थिती नव्याने पाठवणं) चालवा. ३,००० मेलबॉक्स असतील आणि सेकंदाला ५ आदेश जात असतील तर १० मिनिटं लागतात. वेग वाढवायचा मोह टाळा. पीबीएक्सने काही आदेश टाकून दिले तर कुणाचा दिवा राहिला हे शोधत बसावं लागेल. अ‍ॅनालॉग फोनवर दिव्याऐवजी अडखळता डायल टोन असतो, तोही कानाने ऐकून तपासा.

पिन आणि बोटांची सवय

पिन साठवलेले असतात हॅश स्वरूपात, म्हणजे मूळ आकडे परत काढता येऊ नयेत अशा सांकेतिक रूपात. नवी सिस्टिम तोच हॅश ओळखत असेल तरच ते चालतात, नाहीतर सगळ्यांना नवा पिन द्यावा लागतो. सगळ्यांना ‘१२३४५’ देऊन मोकळं होणं ही घोडचूक आहे. उघडे व्हॉइसमेल शोधून त्यातून बाहेर लांब पल्ल्याचे कॉल लावणं हा टेलिफोन फसवणुकीचा जुना धंदा आहे. प्रत्येकाला वेगळा तात्पुरता पिन द्या, पहिल्या लॉगिनला बदलायची सक्ती ठेवा आणि मेलबॉक्समधून बाहेर कॉल वळवायची परवानगी सुरुवातीला बंदच ठेवा.

बटणांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण हेल्पडेस्कचा पहिला आठवडा तोच खातो. ऑक्टेल या जुन्या व्हॉइसमेल सिस्टिमच्या पद्धतीत ७ म्हणजे पुसणे आणि ९ म्हणजे जपून ठेवणे. युनिटीच्या नेहमीच्या पद्धतीत २ जपतो, ३ पुसतो. माणसं सूचना ऐकतच नाहीत, बोटं आपोआप चालतात. नव्या सिस्टिममध्ये जुन्यासारखी बटणं देणारा पर्याय असेल तर तोच द्या. नसेल तर पुसलेले संदेश निदान १५ दिवस परत आणता येतील अशी सोय सुरू ठेवा.

संदेशांचा हिशेब न करणं

जी.७११ या आवाज डिजिटल करायच्या पद्धतीत एक सेकंद म्हणजे ८,००० बाइट, म्हणजे मिनिटाला साधारण ४८० केबी. सरासरी ४० सेकंदांचे २०,००० संदेश असतील तर ६.४ जीबी झाले. आकडा घाबरवणारा नाही, नेटवर्कला तो काहीच नाही. वेळ जातो तो एकेक संदेश डेटाबेसमध्ये नोंदवण्यात. संदेशामागे एक सेकंद धरला तरी साडेपाच तास. म्हणून ५०० संदेशांची रंगीत तालीम करून प्रत्यक्ष वेग मोजा, मग स्थलांतराला किती तास राखून ठेवायचे ते ठरवा. संदेश इ-मेलमधून जाणार असतील तर एन्कोडिंगमुळे आकार आणखी एक तृतीयांशाने वाढतो.

इम्पोर्टच्या आधी दोन गोष्टी बंद करा. पहिली, सूचना. इम्पोर्ट झालेला प्रत्येक संदेश ‘नवा’ मानला गेला तर रात्री दोन वाजता लोकांच्या मोबाइलवर डझनावारी एसएमएस जातात. दुसरी, जुने संदेश आपोआप पुसणारं धोरण. साधनाने मूळ तारीख जपली, तर ३० दिवसांपेक्षा जुना प्रत्येक संदेश त्या रात्रीच्या सफाईला बळी पडतो. सकाळी इम्पोर्टचा अहवाल ‘शंभर टक्के यशस्वी’ म्हणतो आणि मेलबॉक्स रिकामे असतात, दोन्ही खरं. साधनाने तारीख जपली नाही तर सगळे संदेश एकाच दिवशी आल्यासारखे दिसतात, आणि ३० दिवसांनी एकाच रात्री जातात. आपलं साधन कोणत्या जातीचं आहे ते तालमीतच पाहा.

ऐकू येणारा आवाज खरखरीत, फाटका असेल तर म्यू-लॉ आणि ए-लॉ या जी.७११ च्या दोन प्रकारांची अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता आहे. फाइल खराब झालेली नसते, ती चुकीच्या तक्त्याने वाजवली जाते.

पोर्ट जुन्या सवयीने मोजणं

गजबजलेल्या तासाला २४० कॉल, प्रत्येकी सरासरी ६० सेकंद, म्हणजे ४ अर्लांग (सरासरी एका वेळी चालू असलेले कॉल). एक टक्का कॉल अडले तरी चालतील असं धरलं तर अर्लांग-बी तक्त्यानुसार १० पोर्ट लागतात. पण पहिल्या सोमवारी सगळे एकदमच पिन बदलायला आणि नाव रेकॉर्ड करायला येतात. वापर तिप्पट, १२ अर्लांग झाला तर २० पोर्ट हवेत. दिवे लावणारे पोर्ट वेगळे धरा, त्यांना कॉल घ्यायला लावू नका. ते अडले की दिवे उशिरा लागतात आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

मेलशी असलेली जोडणी

व्हॉइसमेलचे संदेश इ-मेलमध्येही दिसावेत अशी सोय असेल तर जुनं सेवाखातं कशाने लॉगिन होतं ते बघा. एक्स्चेंज ऑनलाइनने ऑक्टोबर २०२२ पासून साध्या नाव-पासवर्डाचं प्रमाणीकरण टप्प्याटप्प्याने बंद केलं, आता टोकन (तात्पुरता डिजिटल परवाना) लागतं. आणि एक्स्चेंज २०१९ मध्ये युनिफाइड मेसेजिंग (मेल सर्व्हरवरच व्हॉइसमेल चालवणारा) हा भागच नाही. ज्यांचं व्हॉइसमेल त्यावर उभं आहे त्यांच्यासाठी मेल सर्व्हरचं अपग्रेड म्हणजेच व्हॉइसमेलचं स्थलांतर. हे मेलवाल्या टीमला माहीत असतं, टेलिफोनवाल्यांना शेवटच्या आठवड्यात कळतं.

कॉल लागतो, पण...

पिन बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणत असेल तर आकडे पोचतात कसे ते पाहा. आकडे आवाजातूनही जात असतील आणि आरएफसी ४७३३ च्या वेगळ्या पाकिटांतूनही, तर एकदा दाबलेला ५ दोनदा ऐकला जातो. उलट, जोडणी जी.७२९ या आवाज दाबून पाठवणाऱ्या पद्धतीवर असेल आणि आकडे आवाजातूनच पाठवले जात असतील तर ते कॉम्प्रेशनमध्ये विरूपित होतात आणि ओळखलेच जात नाहीत. दोन्ही टोकांना एकच पद्धत लावा.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर नव्या सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी फायरवॉल बघा. एसआयपीत उत्तराची पोच म्हणजे ‘अ‍ॅक’ आली नाही तर ६४ गुणिले अर्धा सेकंद, म्हणजे ३२ सेकंद वाट पाहून कॉल सोडला जातो. आवाज एकाच बाजूने येत असेल तर बहुधा आरटीपीचे (आवाज वाहून नेणाऱ्या पाकिटांचे) नेटवर्क पोर्ट एका दिशेने बंद आहेत.

परतीचा रस्ता न ठेवणं

कटओव्हरच्या ४८ तास आधी जुन्या सिस्टिमवर नवे मेलबॉक्स आणि बदल थांबवा. बॅकअप घ्या, आणि तो कशावर परत येतो ते वाचा. युनिटी कनेक्शनचा बॅकअप नेमक्या त्याच आवृत्तीवर उतरतो. आवृत्तीत एका बिंदूचा फरक असला तरी नकार मिळतो, म्हणून जुन्या आवृत्तीची इन्स्टॉल फाइल हाताशी हवी. चालू व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे.

वळवणूक बदलायची ती पीबीएक्सवर एकाच ठिकाणी, पायलट नंबराच्या (व्हॉइसमेलच्या सामायिक मुख्य नंबराच्या) मागे. हजार फोनवर वेगवेगळा नंबर भरला असेल तर आधी ते एका पायलटखाली आणा. मग पुढे जाणं आणि मागे येणं, दोन्ही एका ओळीचा बदल ठरतं. मागे यायची वेळ एका ठरावीक घड्याळाला बांधा: पहाटे पाचपर्यंत वरचे आठही चाचणी कॉल पास झाले नाहीत तर परत. आणि परतताना नव्या सर्व्हरवर दरम्यान पडलेले संदेश विसरू नका. ते तिथेच अडकतात, दिवा मात्र जुना सर्व्हर सांभाळत असतो, त्यामुळे ते कुणालाच दिसत नाहीत. नवा सर्व्हर बंद करण्याआधी त्या तासांतले संदेश वेगळे काढून ज्याचे त्याला इ-मेलने पाठवा.