त्सो मोरीरीला निघताय? मग आधी हे भरा

लिप बाम. एसपीएफ लिहिलेला, आणि एक नाही, दोन. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं घ्या.

लडाखमधल्या रुमत्से गावाहून त्सो कार तळ्यावरून त्सो मोरीरी तळ्यापर्यंत ही चाल आठवड्याभराची. जॅकेट, थर्मल, हेडलॅम्प कुणाला सांगावं लागत नाही. बूट आणि स्लीपिंग बॅग मात्र पाऊस लागायच्या आधीच माळ्यावरून काढून उन्हात टाका. जुलैत आपल्या कोकणात साधा टॉवेल वाळत नाही, आणि दमटात पडून राहिलेल्या बुटाचा सोल नेमका तिकडच्या दगडधोंड्यात सुटतो. बूट घालून गावातली पाखाडी रोज चढा-उतरा.

पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू चालते, दरड आली तर चालतच नाही. मुंबईला आदल्या दिवशी पोचा. गॅसचे डबे विमानात नेऊ देत नाहीत, लेहला घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं. पुढे चांगथांगच्या पठारावर तेही मुकंच.

आता लेह. समुद्राकाठून उठून तुम्ही थेट 3,500 मीटरवर उतरणार. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्या निम्मंही नाही. तेव्हा ‘आम्ही सगळे घाट पालथे घातलेत’ हे तिथे सांगू नका. पहिले दोन दिवस नुसते लोळा, मग एक-दोन दिवस आसपास हिंडा. उंची बाधू नये म्हणून डायमॉक्सची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना ते आधी सांगा. एरवी डोंगरात डोकं ठणकलं, उलट्या झाल्या की खाली उतरायचं. इथे उतरायला खाली काही नाहीच! रुमत्सेपासून त्सो मोरीरीकाठच्या कोरझोक गावापर्यंत जमीन 4,000 मीटरच्या खाली येत नाही, आणि शेवटची यालुंग न्याऊ ला खिंड 5,400 च्या आसपास आहे. म्हणून डोकेदुखी अंगावर काढत लेह सोडायचं नाही. वाटेत कुणाच्या झोकांड्या जायला लागल्या तर पुढचा मुक्काम विसरा, त्याला गाडीरस्त्याला आणा.

तर लिप बाम. आपल्याकडे डिसेंबरातही हवा ओली, ओठ फुटणं ठाऊकच नसतं. चांगथांगवर झाड नाही, सावली नाही, दुपारनंतर वारा, आणि हवा अशी कोरडी की खालचा ओठ मधोमध चिरतो. हसलं की रक्त. मग हौसेने नेलेलं आगळ आणि लोणचं डब्यातच राहतं. मी शेवटी चमचा ओठाला न लावता पेज घशात ओतत होतो. खाणं कमी, पिणं कमी, आणि त्या उंचीवर पाणी कमी पडलं की माणूस आडवा व्हायला वेळ लागत नाही. व्हॅसलीन चालेल का? नाही, ते ऊन अडवत नाही. खोबरेल तर तिकडे दगड होतं. एक बाम खिशात ठेवा, बॅगेत नव्हे. बॅग घोड्यावर असते आणि घोडे कधीच पुढे गेलेले असतात.

गॉगल चांगला घ्या, डोळे उन्हाने सुजतात. त्सो कारचं पाणी खारट, तेव्हा झऱ्याचं भरा आणि उकळा. चांगपा म्हणजे तिकडचे भटके पशुपालक, त्यांच्या तंबूंपाशी कुत्री असतात, लांबून हाक मारा. कियांग, म्हणजे तिकडची रानगाढवं, दिसले तर फोटोसाठी मागे धावू नका, तेवढा दम तुमच्यात नसतो.

बाकी भराभर. परवान्याचं आणि शुल्काचं लेहमध्ये विचारा, नियम बदलतात. आधार कार्डाच्या झेरॉक्स. रोख पैसे लेहलाच काढा. बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत. कचऱ्याला पिशवी. खिशातला बाम बघितलात? कोरझोकहून परतीची गाडी निघण्याआधीच ठरवा, तिथे ऐनवेळी मिळेलच असं नाही.