चैत्री यात्रेपूर्वी ज्येष्ठांनी शरीराला उन्हाची सवय कशी लावावी

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर चालत जाण्याचा नेम असलेले अनेक ज्येष्ठ कोल्हापूरकर पहाटेच्या गारव्यात रंकाळ्यावर फिरून तयारी करतात. त्याने पाय तयार होतात, उन्हाची सवय मात्र लागत नाही. कारण अंगातील उष्णता थोडी वाढून घाम सुटल्याखेरीज शरीर उन्हाशी जुळवून घेत नाही.

रोज काही काळ उष्णता सोसली की पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि तेवढ्याच श्रमांना हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. त्यानंतर, साधारण दोन आठवड्यांच्या आत, घाम लवकर सुटू लागतो व त्यातून जाणारे मीठ घटते. वाढत्या वयात घर्मग्रंथी कमी घाम देतात, त्वचेकडे रक्त कमी वळते आणि तहानेची जाणीव मंदावते. तरीही साठी-सत्तरीतील शरीर हे बदल करू शकते. ते तरुणांइतके पूर्णपणे होत नाहीत, म्हणूनच घाई करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

सर्वप्रथम आपल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी कमी होते, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो, तर बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे नाडीचा वेग दबलेला राहतो आणि केवळ नाडी पाहून श्रमांचा अंदाज बांधता येत नाही. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. जुना मधुमेह असल्यास घाम नीट सुटत नसण्याची शक्यता असते, त्याबद्दलही विचारावे.

परवानगी मिळाल्यावर यात्रेच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करावी. सकाळी नऊच्या सुमारास किंवा उन्हे कलल्यावर, बोलताना धाप लागणार नाही अशा चालीने, सोबत कोणीतरी घेऊन पंधरा मिनिटे चालावे आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटे वाढवत पाऊण तासापर्यंत जावे. भर दुपारी चालू नये. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप असेल, अथवा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल, त्या दिवशी विश्रांतीच घ्यावी. मध्ये आठवडाभर खंड पडल्यास मिळवलेली सवय उतरू लागते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतांश निघून जाते. तेव्हा पुन्हा कमी वेळापासून आरंभ करावा.

तहान लागण्याची वाट न पाहता चालण्याआधी व नंतर पाणी प्यावे. घरचे पातळ ताकही चालते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे. चालण्यापूर्वी आणि अंग पुसून नंतर वजन करणे ही मला सर्वांत भरवशाची पद्धत वाटते: अर्धा किलो घटले म्हणजे सुमारे अर्धा लिटर पाणी गेले. घाम वाढणे ही सवय लागल्याची खूण असल्याने पाण्याची गरजही त्याबरोबर वाढते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वळवाच्या सरीनंतर विशेष जपावे. हवा गार भासली तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करू शकत नाही.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा पायांत गोळे जाणवताच सावलीत बसून ओल्या कापडाने मान, हात आणि पाय पुसावेत. मनुष्य असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल गेला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर फोन करावा, रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा आणि शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.