नुनावुतमध्ये पुरातत्त्वाचं काम करायचं असेल तर

पुण्यात डेक्कन कॉलेजमधून एम.ए. करून कॅनडाकडे डोळे लावून बसलेली मुलं अधूनमधून विचारतात, आर्क्टिकमध्ये काम करायला काय यावं लागतं? खणणं, थर वाचणं, खापरं ओळखणं त्यांना येतच असतं. तिथे त्याआधी परवानगी लागते, आणि ती नुसत्या सरकारची पुरत नाही.

नुनावुत हा कॅनडाच्या उत्तरेचा प्रदेश, आणि इन्युइट हे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्यात आणि कॅनडा सरकारात 1993 साली झालेल्या नुनावुत कराराचं 33वं कलम पुरातत्त्वाचं आहे. इन्युइट हेरिटेज ट्रस्टला अधिकार मिळाले ते त्यातून. तुमचा अर्ज नुनावुत सरकारच्या वारसा खात्यात जातो, मग तो ट्रस्ट बघतो आणि ज्या वस्तीजवळ काम करायचं तिथले लोकही बघतात. नुसती पाहणी असेल तर पहिल्या वर्गाचा परवाना, वस्तू उचलायच्या किंवा खणायचं तर दुसऱ्या वर्गाचा. कामाला हवामान मिळतं ते मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून कागदपत्रं हिवाळ्यातच उरकायची. मी वस्तीच्या बैठकीत आराखडा मांडला तेव्हा पहिला प्रश्न आला, "सापडेल ते कुठे नेणार?" नुनावुतमधून निघालेल्या कितीतरी वस्तू आज हजारो किलोमीटर दक्षिणेला, संग्रहालयांच्या कोठारांत आहेत. नुनावुतची राजधानी इकालुइतला वारसा केंद्र उभारायचा ट्रस्टचा प्रयत्न चालू आहे. या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर बैठकीला जाऊच नका.

लोकांना विचारायचं ते शिष्टाचार म्हणून नव्हे. आर्क्टिकमधून समुद्रमार्ग शोधायला 1845 साली निघालेली फ्रँकलिनची ब्रिटिश मोहीम 129 माणसांसकट नाहीशी झाली. 1854 साली जॉन रे हा संशोधक-प्रवासी इन्युइटांकडून ऐकलेली हकीकत घेऊन आला: गोरे लोक उपाशी मेले, शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडनला ते मानवलं नाही. 1990च्या दशकात किंग विल्यम बेटावरच्या हाडांवर सुरीच्या खुणा तपासल्या गेल्या तेव्हा ती हकीकत खरी निघाली. मोहिमेचं 'टेरर' जहाज 2016 साली सापडलं तेही जोआ हेवन वस्तीतल्या सॅमी कोगविकनी, काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेलं एक लाकूड पाहिलं होतं, ती जागा सांगितली म्हणून. विशेष म्हणजे त्या उपसागराचं नाव आधीपासूनच टेरर बे होतं!

माझी खरी शिकवणी मात्र कातड्याच्या एका तुकड्यावर झाली. थुले (आजच्या इन्युइटांचे पूर्वज) काळातल्या घराजवळच्या उकिरड्यातून तो निघाला होता. ही घरं अर्धी जमिनीत, बोहेड देवमाशाच्या हाडांचं छप्पर आणि वर गवताळ मातीची ढेकळं. प्रवेशाचा बोगदा घरापेक्षा खोल, म्हणजे गार हवा खालीच अडते. मी नोंदवहीत 'शिवलेलं कातडं' एवढंच लिहिलं होतं. वस्तीतल्या एका आजींनी तो उन्हाकडे धरला आणि म्हणाल्या, हा बुटाचा तुकडा, पाण्यात घालायच्या. सुई खालच्या कातड्यातून आरपार जात नाही, अर्ध्या जाडीतून फिरते, त्यामुळे भोक राहत नाही आणि पाणी शिरत नाही. स्वतः शिवल्याशिवाय हे दिसत नाही. अशा बैठकींचं मानधन अंदाजपत्रकात आधीच धरा, रेकॉर्डिंगला आधी विचारा, आणि त्याची प्रत वस्तीला द्या.

हे सगळं घाईनं करावं लागतं, त्याचं कारण एकच. कातडं, लाकूड, केस टिकले ते जमीन गोठलेली होती म्हणून. आता ती वितळतेय, किनारे ढासळताहेत, आणि उघडं पडलेलं सेंद्रिय साहित्य फार काळ टिकत नाही.

आता व्यवहाराचं. न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात उत्तरेच्या पुरातत्त्वाची जुनी परंपरा आहे. क्वेबेकच्या लावाल विद्यापीठातही आहे, पण तिथे फ्रेंच लागतं. नुनावुतच्या 25 वस्त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही, सगळं विमानानं, आणि धुकं पडलं की दिवसच्या दिवस विमानतळावर. प्रवासाचा खर्च शिष्यवृत्तीत मावत नाही, म्हणून मार्गदर्शकाकडे प्रकल्पाचा निधी आहे का ते पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, संकोच करू नका. अस्वलांच्या पहाऱ्याला स्थानिक माणूस बंदूक घेऊन सोबत असतो, त्याचा पगारही त्यातूनच. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ इथूनच बांधून न्या. तिकडे भाजीचे भाव बघून पोट आपोआप भरतं. इनुक्टिटुट या इन्युइटांच्या भाषेची तोंडओळख निघण्याआधी करून घ्या. 'तुसालांगा' नावाची साइट त्यासाठी पुरेशी आहे, आणि उच्चार चुकले तर लोक हसतात, पण दुरुस्तही करतात.