रेक्स बेगोनिया घरी आणण्याआधी

कंद पुरायचा नाही. हे पहिलं, आणि मी ते मधूनमधून पुन्हा सांगणार आहे, कारण मागच्या पावसाळ्यात मी नेमकं तेच करून बसलो. आमच्याकडे आलं-हळद लावायची सवय. कुंडी बदलताना बेगोनियाचं जाडसर, केसाळ, आडवं खोड, म्हणजेच त्याचा कंद, मातीवर उघडं दिसलं आणि हात शिवशिवले. बोटभर माती ओढून झकास भर दिली. 15 दिवसांत पानांचे देठ बुडाशी मऊ पडले, तिसऱ्या आठवड्यात खोडाचा लगदा. रुपेरी-जांभळ्या पानांचं शोभेचं झाड, ऐन बहरात असलेलं, गेलं.

ते खोड मातीवरून सरपटतच वाढतं. मुळं खालच्या बाजूनं सुटतात, तीही वरच्या वर पसरणारी. पटत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत कुठंही चढा: ओल्या कातळाला चिकटून बेगोनिया क्रेनाटा फुललेला असतो आणि त्याच्याखाली माती म्हणाल तर चिमूटभर. रेक्सची मुळंही तेवढ्यावर भागवतात.

म्हणून कुंडी उथळ आणि पसरट. आताच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा इंच-दीड इंच रुंद, बस. मोठ्या कुंडीतली जादा माती ओलीच राहते. भोक हवंच, हे सांगायला नको. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत साचलेलं पाणी मात्र आठवणीनं ओता.

माती: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) 2 भाग, पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) 1, कुजलेल्या पाल्याचं खत 1. काळी माती चिमूटभरही नको, बागेतली "चांगली" माती तर नकोच. मिश्रण आधी ओलसर करून ठेवा, झाड हातात घेऊन कालवत बसू नका. कंद कुठं येईल तेही आधीच ठरवा: मिश्रणावर टेकलेला, पाठ उघडी. डगमगला तर दोन काड्यांचा आधार द्या. माती नाही.

आणायचं कधी? पुण्यात तरी जूनअखेर. मी एकदा एप्रिलमध्येही आणलं होतं, तो वेगळा मूर्खपणा. हे मूळचं आसामच्या दमट रानातलं. तिथून युरोपात गेलं आणि 1857 साली प्युत्झेस या बेल्जियन अभ्यासकानं त्याला शास्त्रीय नाव दिलं. नर्सरीत मिळतात ते बहुतेक त्याचे संकर, पण कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात त्या सगळ्यांच्याच. दमटपणासाठी ताटलीत खडे आणि पाणी ठेवून त्यावर कुंडी, बूड पाण्याला न लागता. पानांवर फवारा मारू नका; पाणी पानांवर राहिलं आणि हवा खेळती नसली की भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येते. कोकणातल्यांना दमटपणाची चिंता नाही, भुरीची आहे.

जागा पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड. दुपारचं ऊन नको.

झाड आल्यावर आठवडाभर हात लावू नका. मग एक निरोगी पान काढून मागच्या जाड शिरांना चिरा द्या, ओल्या कोकोपीटवर पालथं न घालता सपाट दाबून बसवा, डबा झाका. काही आठवड्यांत चिरांपाशी पिल्लं फुटतात. मागच्या वेळी एवढं केलं असतं तर आज रडत बसलो नसतो. आणि त्या पिल्लांचेही कंद पुढे पुरायचे नाहीत.

बाकी पटापट. पाणी वरची माती कोरडी लागल्यावरच. खत पातळ, अर्ध्या मात्रेत, वाढ चालू असेल तेव्हा. थंडीत दोन्ही कमी. मांजर असेल तर उंचावर, झाड विषारी आहे.

उंचावर ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. आई येता-जाता त्या उघड्या कंदाकडे बघते आणि म्हणते, "अरे, मूठभर माती तरी घाल त्याच्यावर." तिला दोनदा समजावून झालं आहे. कुंडी आता कपाटावर आहे.