वॉर्डातून घरी आल्यावरचे पहिले तीन महिने

मनोविकार विभागातून सुट्टी झाली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण आत्महत्येचा धोका नेमका याच काळात, पहिल्या तीन महिन्यांत आणि विशेषतः पहिल्या आठवड्यात, सर्वांत जास्त असतो. वॉर्डात सतत माणसं असतात, गोळ्या वेळेवर हातात पडतात. घरी तेच कर्ज, तीच भांडणं, गेलेली नोकरी आणि शेजाऱ्यांच्या नजरा वाट पाहत असतात.

म्हणून निघण्याआधीच आठवड्याच्या आतली पुढची तारीख घ्या. गोळ्या कुलपात ठेवा आणि त्या रोज घरच्या एकानेच द्याव्यात. शेतातली फवारणीची औषधं घरात नकोतच. दुसऱ्या जागी कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या. जीव द्यायची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो.

मग थेट विचारा. टीव्ही बंद करून, शेजारी बसून: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. "हो" आलं तर कधी, कसं ठरवलंय तेही विचारा. ठरवलेलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. "असलं बोलू नकोस, आमचा तरी विचार कर" हे मायेपोटीच तोंडून निघतं, पण इथेच चूक होते: पुढच्या वेळी माणूस सांगतच नाही.

वसुलीचे फोन घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत. आजारामुळे काम होत नसेल तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा; २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. संजय गांधी निराधार योजनेबद्दल तहसीलमध्ये विचारा. "आता बरा झालास, कामाला लाग" ही घाई नको. भाजी आणणं, गुरांना पाणी पाजणं इथून सुरुवात पुरे. आणि सोमवारी मामा, गुरुवारी मित्र असे फोन वाटून घ्या. "कुणीतरी करेल" म्हटलं की कुणीच करत नाही.

रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं. प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं. त्यामुळे सहसा त्याच्यावर खटला चालत नाही. आधी १०८ ला फोन करा.