इंग्लंडमधल्या गावांची नावं उलगडताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे आजचं स्पेलिंग प्रमाण धरणं. स्विंडन आणि क्रॉयडन, दोन्हींच्या शेवटी 'डन'. पण 1086 च्या डूम्सडे बुकात (राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत) पहिलं आहे 'सुइनडुने', दुसरं 'क्रोइनडेने'. जुन्या इंग्रजीत 'दून' म्हणजे टेकडी, 'देनु' म्हणजे दरी. म्हणजे एक गाव डुकरांच्या टेकडीचं, दुसरं बहुधा केशराच्या दरीचं. नावांच्या शेवटी येणाऱ्या 'हॅम'मध्येही दोन शब्द मिसळलेत: 'हाम' म्हणजे वस्ती आणि 'हम्म' म्हणजे पाण्याने वा दलदलीने वेढलेली जमीन. म्हणून आधी जुनी रूपं सालासकट उतरवून घ्या, मग नकाशावर चढउतार पाहा. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे काउंटीवार खंड याच कामाचे आहेत.

मात्र एकट्या डूम्सडेवर विसंबू नका. ते लिहिणाऱ्यांचे कान नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या राज्यकर्त्यांच्या भाषेच्या, वळणाचे होते. नॉटिंगहॅम तेव्हा 'स्नॉटिंगेहॅम' होतं. सुरुवातीचा 'स' पुढे नॉर्मन प्रभावाने गळाला (गावकऱ्यांच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं). शिवाय 1086 हे गाव नोंदलं गेल्याचं साल आहे, वसल्याचं नव्हे.

नदीवरून गावाचं नाव पडलं, हेही गृहीत धरू नका. केंब्रिजची नदी मुळात ग्रांटा, गावाचं जुनं नाव 'ग्रांटाब्रिज'. उच्चार घसरत केंब्रिज झालं, आणि त्यावरून नदीला 'कॅम' नाव मिळालं.

मॅग्ना-पार्व्हा म्हणजे आपलं बुद्रुक-खुर्द. पण लेस्टरशरमधली विगस्टन मॅग्ना आणि विगस्टन पार्व्हा शेजारी नाहीत, आणि नावांचं मूळही एक नाही. मॅग्नाच्या शेवटी 'तून', म्हणजे वस्ती. पार्व्हाच्या शेवटी 'स्टान', म्हणजे दगड. नावं सारखी झाल्यावर ओळखीसाठी ही शेपटं जोडली गेली. स्टोक मँडेव्हिलमधलं मँडेव्हिल हेही असंच मागून आलेलं, जमीनदार घराण्याचं नाव.

मॅनर (जमीनदाराची जहागीर) म्हणजे गाव, असं समजून शोधायला गेलात तर नोंदी हाती लागत नाहीत. एका गावात दोन-तीन मॅनर असत, एक मॅनर अनेक गावांत पसरलेलं असे. डूम्सडेत तर प्रत्येक काउंटीतल्या नोंदी जमीनधारकांनुसार लावल्या आहेत, त्यामुळे एकच गाव वेगवेगळ्या पानांवर सापडतं; एक नोंद मिळाली म्हणून थांबू नका. मॅनरचे कागद हवे असतील तर नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये पॅरिशवरून (चर्चच्या हद्दीच्या विभागावरून) आधी मॅनरचं नाव काढा.